नात्याच्या रकान्यात काय लिहिलं असेल?

प्रश्न

पत्रलेखिका ६९ वर्षांच्या. झेडपीच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, आता सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतीसोबत राहतात. मुलगा-सून वीस वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहेत. अठरा वर्षांची नात तिथेच जन्मली, तिथेच वाढली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

एप्रिलमध्ये नात सुट्टीला आली होती. गच्चीवर दोघी कुरडया घालत होत्या. नात तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, मला मुलगे आवडतात, पण मुलीपण आवडतात. तिकडे त्याला बाय म्हणतात. आईबाबांना माहितीये." आणि लगेच पुढे, "तुझ्या वेळी होतं का गं असं कोणी?" आजी म्हणाल्या, "नव्हतं. चीक गार होतोय, हात चालव."

तेव्हापासून त्यांना धड झोप नाही. मुलगा फोनवर म्हणतो, हे तिकडचं फॅड आहे. तिच्या आठ जणींच्या ग्रुपमध्ये चार-पाच जणी असंच काहीतरी सांगतात, एक तर स्वतःला मुलगीही म्हणत नाही आणि मुलगाही नाही. युनिव्हर्सिटी सुरू होण्याआधी नातीला वर्षभर आजीकडे ठेवावं, इथली हवा लागली की डोक्यातून जाईल, शिवाय ओळखीच्या एका डॉक्टरांनाही दाखवून घ्यावं, असा त्याचा बेत आहे. पत्रलेखिकेचे प्रश्न तीन. हे त्या देशामुळे झालं का, म्हणजे नात इथे वाढली असती तर अशी झाली नसती का? आज ही असं म्हणते, उद्या त्या मैत्रिणीसारखं 'मी मुलगीच नाही' म्हणेल का? आणि तिला वर्षभर ठेवून घ्यावं का?

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र सात पानी आहे, फुलस्केप, डावीकडे समास सोडलेला. दोन ठिकाणी स्वतःचंच शुद्धलेखन तुम्ही लाल पेनने दुरुस्त केलंय. ते बघून मला माझ्या तिसरीच्या बाई आठवल्या आणि उत्तर लिहायला जरा धास्तीच वाटली.

सुरुवात जनगणनेपासून करते, कारण पत्रातला तो तुमचा हुकमी एक्का आहे. तुम्ही लिहिता, "२०११ ला मी प्रगणक होते. सव्वाशे घरं पायी फिरले. लिंगाच्या रकान्यात तिसऱ्या कोडची एकही नोंद नाही. मग आमच्यात हे आहे कुठे?"

एक विचारू? दारात उभं राहून तुम्ही नेमकं काय विचारलं होतं?

आमच्याकडेही त्या फेब्रुवारीत एक बाई आल्या होत्या, तुमच्यासारख्याच शिक्षिका. माझ्या सासऱ्यांना त्यांनी विचारलं, "माणसं किती? त्यात पुरुष किती, बायका किती?" सासऱ्यांनी सांगितलं आणि त्यांनी भराभर १ आणि २ लिहून टाकले. ३ हा आकडा फॉर्मवर होता, त्या बाईंच्या तोंडी आला नाही. त्यांना दोष कसा द्यायचा? समोर ऐंशीला टेकलेला माणूस, डोक्यावर ऊन, अजून चाळीस घरं बाकी. "घरात कोणी 'इतर' आहे का हो?" असं विचारायची कुणाची छाती होणार? आणि समजा विचारलंच असतं, तर घरातल्या विशीच्या पोराच्या मनात काय आहे हे सासऱ्यांना कुठून माहीत असणार होतं?

तरीही त्या वर्षी देशभरात ४,८७,८०३ माणसं 'इतर' म्हणून नोंदली गेली. महाराष्ट्रात ४०,८९१. दहा हजारांत चार धरा. आता याच्याशेजारी कॅनडाचा आकडा ठेवून बघा. तिथल्या २०२१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या लोकांत १,००,८१५ जण ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेलं लिंग आपलं न मानणारे) किंवा नॉन-बायनरी (स्वतःला पुरुषही न म्हणणारे आणि स्त्रीही नाही) निघाले, म्हणजे दहा हजारांत तेहतीस. कॅनडातली माणसं आपल्यापेक्षा वेगळ्या मातीची आहेत असं यावरून म्हणता येईल? तिथे जन्मावेळचं लिंग आणि आजचं लिंग असे दोन प्रश्न फॉर्मवर छापलेले होते. आपल्याकडे एक रकाना, तोही बहुतेक वेळा न विचारता भरलेला.

शिवाय तो रकाना तुमच्या नातीबद्दल काही सांगूच शकत नाही. आपण पुरुष, स्त्री की आणखी कोणी, हा झाला लिंगभाव. आपल्याला कोणाबद्दल ओढ वाटते, हा लैंगिक कल. नात स्वतःला मुलगीच म्हणते, तिने सांगितलं ते कलाबद्दल. आपल्या जनगणनेने तो प्रश्न आजवर एकदाही विचारलेला नाही. ज्याची मोजणीच झाली नाही, त्याबद्दल "आमच्यात एकही नाही" असं प्रगणकाने तरी म्हणू नये, नाही का?

आता नातीच्या देशाकडे वळू. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो मार्च २०२१ मध्ये, सोळा वर्षांवरच्यांना आणि ऐच्छिक म्हणून. (तुमची नात तेव्हा चौदाची, तिला तो लागूच नव्हता.) ३.२ टक्के लोकांनी आपण समलिंगी, उभयलिंगी (म्हणजे तुमची नात म्हणते ते 'बाय') किंवा तत्सम आहोत असं सांगितलं, म्हणजे साधारण पंधरा लाख माणसं. साडेसात टक्क्यांनी उत्तरच दिलं नाही. सोळा ते चोवीस वयात आकडा ६.९ टक्के आणि पंचाहत्तरीच्या पुढे अर्धा टक्काही नाही.

तुमचा मुलगा हा उतार बघेल आणि म्हणेल, बघा, नव्या पिढीचं फॅड. मला त्या उताराच्या खालच्या टोकाची माणसं दिसतात. २०२१ साली पंचाहत्तरी ओलांडलेला इंग्रज १९४६ च्या आधी जन्मलेला. दोन पुरुषांमधला संबंध हा इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत तुरुंगात जाण्याचा गुन्हा होता. म्हणजे त्याची ऐन विशी, प्रेमात पडायचं वय, पोलिसांच्या धाकात गेलं. बायकांसाठी तसा कायदा नव्हता, पण लग्नाशिवाय बाईचं भागायचं कसं, हा प्रश्न होताच. त्यांची मुलं शाळेत गेली तेव्हा आणखी एक कायदा आला. १९८८ पासून समलैंगिकतेला उत्तेजन मिळेल असं काही करायला शाळांना मनाई झाली, इंग्लंडात ती २००३ च्या अखेरीस उठली. तुमची नात त्यानंतर जन्मली. 'बाय' हा शब्द शिक्षकांच्या तोंडून, कपाळावर आठी न पडता, ऐकणारी तिची पहिलीच पिढी. जनगणनेच्या फॉर्मवर पंचाहत्तरीचे आजोबा आणि अठराची मुलगी एकाच चौकोनासमोर पेन धरून बसतात, पण दोघांच्या हातामागे वेगवेगळं आयुष्य असतं.

अमेरिकेत गॅलप ही संस्था दरवर्षी फोनवर हेच विचारते. २०१२ मध्ये ३.५ टक्के प्रौढ 'हो' म्हणाले, २०२४ मध्ये ९.३ टक्के. १९९७ नंतर जन्मलेल्यांत २३ टक्के, १९४६ पूर्वीच्यांत दोनाच्याही आत. त्यांतले निम्म्याहून जास्त उभयलिंगी, तुमच्या नातीसारखे. आता गंमत बघा. जवळपास एकाच वयाची मुलं, इंग्लंडमध्ये सात टक्के आणि अमेरिकेत तेवीस! समुद्र ओलांडला म्हणून माणसाचं मन तिप्पट बदलतं असं मला वाटत नाही. वर्षं वेगळी, प्रश्नाची शब्दरचना वेगळी. आणि मोठा फरक म्हणजे जनगणनेचा फॉर्म बहुतेक घरांत एकच जण सगळ्यांचा भरतो, जेवणाच्या टेबलावर, आईवडिलांच्या देखत. फोन मुलगी स्वतः घेते.

शब्दांमुळे तर फारच गोंधळ होतो. त्याच इंग्लंडच्या फॉर्मवर लिंगभावाचाही प्रश्न होता. निकालात ट्रान्स लोकांचं प्रमाण लंडनच्या ब्रेंट आणि न्यूहॅम भागांत सर्वांत जास्त निघालं. हे भाग स्थलांतरितांचे, घरात इंग्रजी न बोलणाऱ्यांचे. काहींना प्रश्नच नीट कळला नसावा, हे नंतर खुद्द आकडेवारी खात्याने मान्य केलं. आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हे तुम्ही मुलाला सांगा. आणि मलाही तेच लागू आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी भाषणांत बिनदिक्कत ठोकून द्यायचे, "कुठल्याही समाजात दहा टक्के लोक समलिंगी असतात." पालक गप्प व्हायचे, मला बरं वाटायचं. पुढे कळलं की तो दहाचा आकडा आल्फ्रेड किन्सींच्या १९४८ च्या अमेरिकी पाहणीतून निघालेला, जिच्यात स्वखुशीने आलेली माणसं होती आणि तुरुंगातले कैदीही बरेच होते. तेव्हापासून मी कोणालाही छातीठोक टक्का सांगत नाही.

म्हणून तुमच्या मुलाचं सगळंच खोडून काढणार नाही. पूर्वीचे लोक लपून होते आणि आता बाहेर आले, एवढ्याने पूर्ण उत्तर होत नाही. वाढ सगळ्यांत जास्त तरुण मुलींमध्ये आहे आणि 'बाय' या शब्दाखाली आहे. शब्द मैत्रिणींकडून मिळत असेल, हे मला पटतं. एखादी मुलगी तो शब्द वर्षभर घालून बघेल आणि काढूनही ठेवेल. लिसा डायमंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी समलिंगी, उभयलिंगी आणि कुठलंच नाव न लावणाऱ्या जवळपास ऐंशी तरुणींशी दहा वर्षं संपर्क ठेवला. त्यांतल्या दोन तृतीयांश जणींनी तेवढ्या काळात स्वतःसाठी वापरलेला शब्द एकदा तरी बदलला. पण बदलला म्हणजे सगळ्या जणी 'सरळ', म्हणजे फक्त पुरुष आवडणाऱ्या, झाल्या असं नाही. कोणी समलिंगीची उभयलिंगी झाली, कोणी म्हणाली मला शब्दच नको. तेव्हा नात पाच वर्षांनी काय म्हणेल हे मला सांगता येणार नाही, मुलाला नाही आणि खुद्द तिलाही नाही. आज ती जे म्हणते ते आज खरं आहे, इतकं धरून चाला.

आठातल्या चार-पाच कशा, हे कोडंही फार मोठं नाही. नाटकवेडी पोरं शाळेत एकमेकांना बरोबर हुडकतात, तशीच हीपण. टक्का साऱ्या वर्गांत सारखा वाटला जात नाही. इंग्लंडातच ब्राइटन या समुद्रकाठच्या शहरात प्रमाण १०.७ टक्के आहे, देशाच्या तिपटीहून जास्त. ब्राइटनच्या पाण्यात काही नाही. जिथे जगता येतं तिथे माणसं राहायला जातात. आपल्याकडची अशी पोरं पुण्या-मुंबईची नोकरी का धरतात आणि सणालाही गावी यायचं का टाळतात, याची सगळीच कारणं पगारात सापडत नाहीत.

'आपल्यात नव्हतं' याबद्दल एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती माझ्याच धंद्यातली आहे. र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३ चाललं. त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत, आत्ता मी देतेय तशीच, माझ्यापेक्षा फार परखड. अशाच काही उत्तरांवरून १९३४ साली मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी, ज्या काळात गावोगाव वीजसुद्धा नव्हती, कुणीतरी वाचक कागदावर हाच प्रश्न लिहून पाठवत होता. त्याला फॅड कुठून लागलं? आणि ज्या ३७७ कलमाखाली हा गुन्हा होता ते इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातलेलं. त्यांनी स्वतःकडचा कायदा १९६७ मध्ये सैल केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम ६ सप्टेंबर २०१८ ला बाजूला केलं. तुमची नात तेव्हा अकरा वर्षांची होती.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. नात साताऱ्यात वाढली असती तरी तिला जे वाटतं ते बहुधा वाटलंच असतं. कलामागे एखादं ठरावीक जनुक नाही, संगोपनातली चूक नाही. पावणेपाच लाख लोकांचं जनुकीय विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातही लहान लहान अनेक गोष्टींची गुंतागुंतच निघाली. साताऱ्यात तिला शब्द मिळाला नसता, आणि गच्चीवर कुरडया घालताना तिने तो तुम्हाला सांगितला नसता.

दुसरा प्रश्न त्या मैत्रिणीचा. कल आणि लिंगभाव यांत एकातून दुसरं उगवत नाही. बाय असणं ही ट्रान्स होण्याची पहिली पायरी नव्हे, मुलगा या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरतोय. त्या मैत्रिणीबद्दल तुम्ही लिहिलंय, "मराठीत अशा मुलीशी बोलायचं तरी कसं? 'आलास' म्हणू की 'आलीस'?" हा प्रश्न मला फार आवडला. इंग्रजीत 'मी आलो' आणि 'मी आले' यांत फरकच नाही, आपल्याकडे तोंड उघडलं की लिंग सांगावं लागतं. पण तुमच्यापासून दोन-तीन तासांवर कोल्हापुरात जा. तिथल्या बायका सर्रास "मी येतो", "मी जेवलो" म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. ती मैत्रीण कधी तुमच्याकडे आलीच, तर तिलाच विचारा. फार तर सगळ्यांना 'अहो-जाहो' करा, "या, बसा" म्हटलं की मिटलं.

आणि लिंगभावाच्या बाबतीत तरी 'आमच्यात नाही' असं म्हणायला आपल्याला तोंड नाही. लुगडं नेसून, डोक्यावर यल्लम्माचा जग (देवीची टोपली) घेऊन आलेला जोगता तुमच्या दारात कधी उभा राहिला नाही? तुम्ही त्याच्या परडीत पीठ घातलं नाही? त्याला जनगणनेत १ दिला असेल की ३? शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. लोकांना ठाऊक असतं, ताई. कागदाला ठाऊक नसतं.

आता वर्षभराचा बेत. इथे मी जरा स्पष्ट बोलते.

'हवा बदलावी' म्हणून तिला आणू नका. हवा बदलून खोकला जातो. ती येईल, तुम्हाला दुखवायला नको म्हणून हसेल, 'आता तसं काही नाही' असंही म्हणेल कदाचित, आणि विमानात बसली की या घरात पुन्हा खरं बोलायचं नाही हे ठरवून जाईल. तिने तुम्हाला विश्वासाने सांगितलंय. त्या विश्वासाचाच उपयोग करून तिला अडकवलं, असा त्याचा अर्थ ती लावेल आणि तो चुकीचा नसेल. ती सज्ञान आहे, हेही मुलाच्या लक्षात आणून द्या.

डॉक्टरांचं तर मुळीच नको. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली त्याला १७ मे १९९० ही तारीख आहे. कल 'बदलून देतो' असं म्हणत उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलंय. तरीही गोळ्या, संमोहन, 'लग्न लावून द्या, आपोआप सुटेल' असले सल्ले देणारे भेटतात. तुमचे ओळखीचे डॉक्टर तसे असतील असं मी म्हणत नाही. पण "हिला बरं करा" असं म्हणून ज्यांच्याकडे जायचं, त्यांच्याकडे जाऊच नये.

ती स्वतः म्हणाली की मला आजीकडे राहायचंय, तर मात्र खुशाल बोलवा, वर्षभर ठेवून घ्या. परतीचं तिकीट काढलेलं असू द्या आणि पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये. स्थळं दाखवायची नाहीत, बाहेरचं काही बघायचं नाही. मुलाला एवढंच सांगा, "ती आली तर आजीकडे येईल, दवाखान्यात नाही." तुमचा मुलगा दुष्ट नाही, घाबरलाय. परक्या देशात वीस वर्षं काढलेल्या माणसाला मूल हातचं जाईल ही भीती फार असते आणि मग त्याला आपलं गाव आहे त्याहून सोवळं दिसायला लागतं.

'हे' अजून अंधारात आहेत असं लिहिलंय. नातीला विचारल्याशिवाय त्यांना सांगू नका. जाऊबाई, विहीण, महिला मंडळ, कोणालाच नाही. "आजोबांना सांगू का, की तू सांगशील?" असं तिलाच विचारा. सुनेला लग्नाची काळजी आहे. बाय असलेल्या मुलीचा जोडीदार पुढे मुलगा असेल, मुलगी असेल, किंवा कोणीच नसेल. "मग मुलगाच निवड ना, दोन्ही चालतात तर" हे वाक्य सुनेच्या मनात येणार, तुमच्याही आलं असेल. आलं तरी बोलू नका. इंग्लंडमध्ये २०१४ पासून दोन स्त्रियांचं कायदेशीर लग्न होतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क द्यायला नकार दिला. त्यामुळे ही काळजी तुमच्या नातीपेक्षा इथल्या मुलींना जास्त आहे.

त्या इथल्या मुलींच्या आयाही हे सदर वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. मुंबईचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या क्षेत्रात काम करतोय. 'स्वीकार' नावाचा पालकांचाच गट आहे, तिथे तुमच्यासारखीच रडलेली आणि मग सावरलेली माणसं भेटतील. मूल फार खचलेलं वाटलं, जिवाचं काही बोलायला लागलं, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आणि मुलाने सांगितलं त्या क्षणी काही सुचलं नाही, तर "बरं झालं मला सांगितलंस" इतकं म्हणून चहा टाका. बाकीचं उद्या बोलता येतं.

तुम्ही 'चीक गार होतोय' म्हणालात. ठीक आहे, मीही असंच काहीतरी म्हणाले असते.

पण तिने तुम्हाला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर तुमच्या सहाव्या पानावर आहे. पूर्वी लेबलं लागत नव्हती हे पटवून द्यायला तुम्ही आत्याची हकीकत लिहिली आहे. आत्या हायस्कुलात शिकवायची, लग्न केलं नाही. शाळेतल्याच एक बाई आणि ती, दोन खोल्या, एक स्टोव्ह, एकतीस वर्षं. "कोणी वाकडा शब्द बोललं नाही." त्या दोघींचं काय होतं मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, आणि मेलेल्या माणसाला आपल्या सोयीचा शब्द चिकटवणं मला आवडत नाही. मैत्री असेल, सोय असेल, आणखी काही असेल. पण १९७१, १९८१, १९९१ असा तीनदा त्या दारात तुमच्यासारखा कोणी प्रगणक गेला असणार. कुटुंबप्रमुख म्हणून आत्याचं नाव घातलं असणार. पुढच्या ओळीत, 'कुटुंबप्रमुखाशी नाते' या रकान्यात, त्या बाईंसमोर त्याने काय लिहिलं असेल?

तुम्हीच पुढे लिहिलंय की १९९८ मध्ये आत्या गेल्यावर काका लोक आले, खोल्या रिकाम्या केल्या, पितळेची भांडी भावाभावांत वाटली. एक घंगाळ तुमच्याकडे आहे.

रविवारी नातीचा फोन येईल तेव्हा तिला म्हणा, "त्या दिवशी मी घाईत उत्तर दिलं. परत विचार." आणि आत्याची गोष्ट सांगा, होती तशी, शब्द न लावता. फक्त एक करा. पत्रात आत्याचं नाव चार वेळा आलंय, दुसऱ्यांचा उल्लेख सगळीकडे नुसता 'त्या बाई'. त्यांच्या हातच्या अनारशांची चव तुम्हाला अजून आठवते, म्हणजे नावही आठवत असणार. ते नाव घेऊन सांगा. आणि तयारीत राहा, कारण नात विचारणारच, मग त्या कुठे गेल्या?